दोन ठिणग्यांचे एंजिन

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात तानसेनाच्या समाधीकडून बिर्लानगरकडे निघाले म्हणजे रस्त्याच्या कडेने मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने लागतात. एके काळी या भागाचा दिवस जियाजीराव कापड गिरणीच्या भोंग्याने सुरू होई. गेल्या शतकाच्या अखेरीस ती गिरणी बंद पडली आणि आज भोंग्याऐवजी दुचाकींच्या आवाजाने सकाळ उजाडते. या दुचाकींत पुण्याच्या बजाज कंपनीची ‘पल्सर’ पुष्कळ. मोटारसायकलीचे एंजिन झाकलेले नसते; त्यामुळे या गाडीतील एक गोष्ट शाळकरी मुलाच्याही नजरेस पडते. सिलिंडर एकच आहे, पण त्याच्या माथ्यात दोन जाड तारा दोन बाजूंनी शिरल्या आहेत आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एकेक स्पार्क प्लग बसविला आहे.

हे दोन कशासाठी, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते. लष्कर भागातून आलेले एखादे वयस्क गृहस्थ दुकानाच्या बाकावर बसून चौकशी करतात, आणि मिस्त्री हातातला पाना न थांबवता सांगतो, “काकासाहेब, एक बसला तरी दुसरा आहेच. गाडी वाटेत उभी राहायची नाही.” त्यावर गृहस्थही हिशेबी. ते म्हणतात, “मग उस्ताद, दुसरा आजच कशाला बदलतोस? पहिला चालतो आहे तोवर चालू दे की!” आणि दुसरा प्लग तसाच राहतो.

मिस्त्रीचे उत्तर सर्वस्वी चूक नाही. परंतु ते मोटारीचे उत्तर नव्हे, विमानाचे आहे.

विमानाचे एंजिन आकाशात बंद पडले तर ते रस्त्याच्या कडेला ढकलून नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे विमाने उडू लागली तेव्हा एंजिनातील सर्वांत बेभरवशाचा भाग म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, असा अनुभव होता. प्लगवर काजळी धरे, तार सुटे, मॅग्नेटो दमट हवेत रुसे. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने, बॅटरीवाचून, एंजिनाच्या स्वतःच्या फिरण्यातूनच ठिणगीपुरती वीज निर्माण करणारे यंत्र. तेव्हा वैमानिकांनी आणि कारखानदारांनी सरळ मार्ग धरला: दर सिलिंडरला दोन प्लग, आणि दोन प्लगांना दोन स्वतंत्र मॅग्नेटो. एक सबंध यंत्रणा गेली तरी दुसरी विमानाला धावपट्टीपर्यंत आणील. ही व्यवस्था इतकी पटली की पेट्रोलवर चालणाऱ्या विमान-एंजिनाला ठिणगीची दुहेरी यंत्रणा असावी, असा दंडक अमेरिकेच्या विमान-नियमांत आजही आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईस जुहूच्या धावपट्टीवर उतरले. त्या ‘पस मॉथ’ विमानाच्या नाकाशी चार सिलिंडरांचे ‘जिप्सी’ जातीचे एकच एंजिन होते. एंजिन एक, वैमानिक एक, आणि खाली कच्छचा प्रदेश व खंबातचे आखात. पण सिलिंडर चार असले तरी प्लग आठ होते, हे त्या प्रवासाचे वर्णन वाचताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ग्वाल्हेरकरांना तर याहून भव्य उदाहरण घरबसल्या पाहावयास मिळाले. १९३८ च्या सुमारास ‘इंपीरियल एअरवेज’ची पाण्यावर उतरणारी प्रचंड विमाने इंग्लंड–ऑस्ट्रेलिया मार्गावर ये-जा करू लागली, आणि कराची ते अलाहाबाद या टप्प्यात ती ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावर उतरत. त्या विमानाच्या पंखांवर ‘ब्रिस्टल पेगॅसस’ जातीची चार एंजिने असत. प्रत्येक एंजिनाला चांदणीप्रमाणे चहूबाजूंस फाकलेले नऊ सिलिंडर, आणि दर सिलिंडरला दोन प्लग. चार नवे छत्तीस आणि छत्तीस दुणे बाहत्तर! एका विमानात बाहत्तर प्लग साफ ठेवण्याचे काम करणाऱ्या त्या काळच्या कारागिरांची आठवण कोणी लिहून ठेवली असती तर ती वाचनीय झाली असती.

आता खरी गंमत पुढेच आहे. उड्डाणापूर्वी वैमानिक एक परीक्षा घेतो. ती तेव्हाही घेतली जाई आणि आज लहान विमानांवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती पहिल्याच दिवसापासून शिकवितात. विमान जमिनीवर उभे असताना तो एंजिनाचा वेग वाढवितो आणि एक मॅग्नेटो क्षणभर बंद करतो. एंजिन एकाच ठिणगीवर चालू राहते. मग तो पहिला सुरू करून दुसरा बंद करतो. दोन्ही वेळा एंजिन चालूच राहते. पण दोन्ही वेळा फेऱ्यांच्या घड्याळाचा काटा थोडा खाली येतो. मिनिटाला शंभर, सव्वाशे फेऱ्या कमी होतात. ही घट मर्यादेत असेल तर सर्व ठीक. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर विमान उडवावयाचे नाही. आणि घट मुळीच झाली नाही, तर? तर अननुभवी माणूस खूष होईल. अनुभवी वैमानिक मात्र अधिकच सावध होतो. घट झाली नाही याचा अर्थ बहुधा असा की बंद केलेला मॅग्नेटो बंद झालेलाच नाही.

दुसरा प्लग नुसता राखीव असता, तर तो बंद केल्याने काटा का उतरावा? दिवाणखान्यात एक दिवा लागलेला असताना कपाटातली मेणबत्ती कोणी काढून नेली म्हणून उजेड कमी होत नाही. काटा उतरतो याचाच अर्थ असा की, दुसरी ठिणगी स्वस्थ बसलेली नव्हती. तीही काम करीत होती. ते काम कोणते, हे समजण्यासाठी सिलिंडराच्या आत डोकावले पाहिजे.

एंजिनात पेट्रोलचा स्फोट होतो असे आपण बोलीत म्हणतो. वास्तविक चांगल्या एंजिनात स्फोट होत नाही, आणि झाला तर ते दुखणे समजावे. दट्ट्या, ज्याला कारागीर पिस्टन म्हणतात, तो वर येताना हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबीत आणतो. मिश्रण पुरते दाबले जाण्याच्या सुमारास प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. या ठिणगीने सबंध मिश्रण एकदम पेटत नाही. ठिणगीभोवती मोहरीएवढा जाळ धरतो, तो क्षणभर चाचपडतो, मग फुगत जातो आणि ज्योतीची एक भिंत मिश्रणातून पुढे सरकू लागते. ऊस तुटल्यानंतर शेतातले पाचट एका बांधाकडून पेटवावे आणि जाळ दुसऱ्या बांधापर्यंत चालत जावा, तसाच हा प्रकार आहे. फरक वेळेचा. शेताला अर्धा तास लागेल. सिलिंडराला सेकंदाचा काही हजारांशाचा भाग पुरतो.

पण एंजिनाच्या दृष्टीने हा अवधीही थोडा नाही. ढोबळ हिशेब मांडून पाहू. २००३ सालच्या दीडशे वर्गातील पल्सरच्या सिलिंडराचा व्यास ५७ मिलिमीटर होता. प्लग एका कडेला असेल तर ज्योतीला दूरच्या कडेपर्यंत सुमारे ५० मिलिमीटर जावे लागते. ज्योतीचा वेग सेकंदाला २० मीटर धरला तर या प्रवासास सेकंदाचे अडीच हजारांश लागतात. एंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या करीत असेल, तर तेवढ्या वेळात त्याचा दांडा सुमारे ४५ अंशांतून फिरतो, म्हणजे पूर्ण फेरीचा अष्टमांश. दट्ट्या तोपर्यंत आपल्या जागी वाट पाहत थांबत नाही.

म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. दट्ट्या अगदी वर पोचण्यापूर्वी, तो अजून चढत असतानाच, मिश्रण पेटवितात. हेतू हा की तो वर पोचून खाली वळतो न वळतो तोच दाब कमाल व्हावा आणि त्याला खाली ढकलावे. झोपाळ्यावरच्या मुलाला धक्का देणारा माणूस जो अंदाज ठेवतो तोच हा. परंतु यात एक तोटा पत्करावा लागतो. दट्ट्या वर चढत असताना पेटलेले वायू फुगू लागतात आणि त्याला खाली रेटतात. म्हणजे जे पेट्रोल गाडी पुढे नेण्यासाठी जाळावयाचे, त्याचा काही अंश गाडीविरुद्धच खर्ची पडतो. ठिणगी जितकी आधी पाडावी तितका हा अपव्यय अधिक.

आता त्याच शेताला दोन्ही बांधांकडून काडी लावा. जाळ मध्यावर भेटतात आणि प्रत्येकाला अर्धेच शेत चालावे लागते. सिलिंडरात समोरासमोर दोन प्लग बसविले तर ज्योतीला ५० ऐवजी २५ मिलिमीटरच जावे लागेल आणि ४५ अंशांच्या जागी साडेबावीस अंश पुरतील. प्रत्यक्षात वेळ इतका नेमका निम्मा होत नाही; कारण आरंभीचा चाचपडण्याचा क्षण दोन्ही ठिणग्यांना सारखाच लागतो. तरीही जळण्याचा काळ चांगलाच घटतो. तो घटला म्हणजे ठिणगी उशिरा पाडता येते, चढत्या दट्ट्याला होणारा विरोध कमी होतो आणि तेवढ्याच पेट्रोलात काम अधिक निघते. दुसऱ्या प्लगचा मुख्य उपयोग हा आहे. तो वेळ वाचवितो.

येथे एखादा चौकस वाचक विचारील की, एंजिन ३,००० ऐवजी ८,००० फेऱ्या करू लागले तर ज्योतीची काय गत होत असेल? निसर्गाने येथे माणसावर उपकार केला आहे. एंजिन जितके जलद फिरते तितके आत येणारे मिश्रण अधिक घुसळले जाते, आणि घुसळलेल्या मिश्रणात ज्योतही अधिक वेगाने धावते. वारा सुटला म्हणजे वणवा धावतो तसे. असे नसते तर जलद फिरणारी एंजिने बनविणेच शक्य झाले नसते. दोन प्लगांचा लाभ म्हणूनच भरधाव गाडीपेक्षा मंद किंवा मध्यम चालीत, थोड्या ॲक्सिलरेटरवर, जास्त जाणवतो. आणि शहरातली दुचाकी बहुतेक वेळ याच चालीने चालते.

दुसरा लाभ पहिल्यातूनच निघतो. ज्योत एका बाजूने येत असताना पलीकडच्या कोपऱ्यातले मिश्रण आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. मागून येणाऱ्या तप्त वायूंनी ते अधिकाधिक दाबले जाते, तापते, आणि कधी कधी ज्योत पोचण्यापूर्वीच आपण होऊन भडकते. हाच तो खरा स्फोट. चढावावर जड ओझे घेऊन गाडी चालली असता एंजिनातून खड्यांसारखी खडखड ऐकू येते, ती याची खूण. ती फार दिवस चालू दिली तर दट्ट्याचा माथा खराब होतो. दोन बाजूंनी ज्योत आली म्हणजे वाट पाहणारा कोपराच उरत नाही, किंवा उरला तरी त्याला भडकण्यापुरता वेळ मिळत नाही. सिलिंडर जितका रुंद तितकी ही भीती मोठी. पेगॅसस एंजिनाच्या सिलिंडराचा व्यास १४६ मिलिमीटर होता; पल्सरच्या अडीचपट. एवढ्या विस्तीर्ण जागेत एका कडेने लावलेली काडी दुसऱ्या कडेस पोचेपर्यंत काय काय घडू शकेल, याची कल्पना करावी. विमानाच्या कारखानदारांनी दुसरा प्लग जिवाच्या भीतीने बसविला. पण त्याने त्यांना शक्तीही मिळवून दिली. वैमानिकाच्या परीक्षेत काटा उतरतो तो यामुळे.

मग प्लग कडेला बसवावाच कशाला, असा प्रश्न येतो. सिलिंडराच्या माथ्याच्या बरोबर मध्यभागी एकच प्लग बसविला तर ज्योतीला सर्व बाजूंना सारखेच अंतर पडेल आणि दुसऱ्याची गरज राहणार नाही. हा तर्क अचूक आहे. अडचण जागेची. माथ्यावर झडपाही असतात: एक मिश्रण आत घेणारी, दुसरी धूर बाहेर सोडणारी. एंजिनाला श्वास मोकळा मिळावा म्हणून या झडपा शक्य तितक्या मोठ्या करतात. दोन मोठ्या झडपा शेजारी शेजारी बसल्या म्हणजे मध्यावरची जागा त्याच व्यापतात, आणि प्लगला पाहुण्यासारखे कडेला सरकून बसावे लागते. ज्या एंजिनांत दरेक सिलिंडरला चार लहान झडपा असतात, त्यांत मात्र चौघींच्या मधोमध प्लगपुरती जागा आपोआप राहते. सबब, दोन प्लगांची एंजिने बहुधा दोन किंवा तीन झडपांची असतात. अपवाद आहेत, पण नियम हा.

मोटारींच्या इतिहासात ही कल्पना वरचेवर डोके वर काढते आणि पुन्हा मागे पडते. इटलीच्या आल्फा कारखान्याने १९१४ साली शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीत दर सिलिंडरला दोन प्लग होते. पुढे याच कारखान्याने १९८७ साली ‘आल्फा ७५’ या गाडीत दोन ठिणग्यांचे एंजिन घालून त्या नावाचा मोठा गाजावाजा केला. जपानच्या निस्सानने १९७० च्या दशकाच्या अखेरीस तीच योजना वेगळ्या कारणाने स्वीकारली. धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी एंजिनातून निघालेल्या धुराचाच काही भाग पुन्हा सिलिंडरात सोडण्याची युक्ती तेव्हा निघाली होती. त्यामुळे आतली आग थंडावते आणि नायट्रोजनचे घातक संयुग कमी बनते. पण धूर मिसळलेले मिश्रण ओल्या लाकडासारखे. पेटता पेटत नाही आणि पेटले तरी धुमसत राहते. अशा वेळी दोन काड्या लावणे हाच उपाय. पेट्रोल वाचविण्यासाठी मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी ठेवले तरी हीच अडचण येते आणि हाच उपाय लागू पडतो. जर्मनीच्या मर्सिडीजने १९९७ पासून काही मोठ्या एंजिनांत तीन झडपा आणि दोन प्लग योजिले. भारतात २००३ साली आलेल्या ‘होंडा सिटी’ मोटारीत चार सिलिंडर आणि आठ प्लग होते. त्यातील जोडीच्या ठिणग्या चालीप्रमाणे कधी एकदम तर कधी किंचित अंतराने पडत. त्या गाडीची ख्याती वेगासाठी नव्हती, पेट्रोल कमी पिण्यासाठी होती.

आणि त्याच २००३ सालात पल्सर दोन प्लगांची झाली. पल्सर २००१ साली निघाली तेव्हा तिला एकच प्लग होता. भारतातील मोटारसायकलचा गिऱ्हाईक हा जगातील बहुधा सर्वांत कठोर परीक्षक असावा. त्याला दीडशे सी.सी.ची ऐट पाहिजे आणि शंभर सी.सी.चे मायलेज पाहिजे. शिवाय दुचाकींच्या धुरावरील सरकारी निर्बंध दर काही वर्षांनी कडक होत चालले होते. चार झडपांचा माथा घडविणे महाग पडते. दोन झडपांचा साधा माथा ठेवून त्यात दुसरा प्लग बसविणे, आणि ॲक्सिलरेटर किती ओढला आहे हे पाहून ठिणगीची वेळ ठरविणारा छोटा इलेक्ट्रॉनिक मेंदू त्याला जोडणे, हा मार्ग बजाजच्या अभियंत्यांनी निवडला. ‘डी.टी.एस.-आय.’ ही अक्षरे गाडीच्या अंगावर आली. तरुणांनी ती तोंडपाठ केली. त्यांचा अर्थ किती जणांनी विचारला हे सांगणे कठीण आहे.

जुनी कल्पना लहान सिलिंडरात नेली तर ती नवी ठरते काय? हा प्रश्न पुढे न्यायालयात उभा राहिला. बजाजने जुलै २००२ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला होता आणि २००५ साली ते मिळाले. २००७ साली तामिळनाडूतील होसूरच्या टी.व्ही.एस. कंपनीने ‘फ्लेम’ नावाची मोटारसायकल जाहीर केली. तिच्या एंजिनात झडपा तीन होत्या आणि प्लग दोन. प्रकरण मद्रासच्या उच्च न्यायालयात गेले. बजाजचे म्हणणे असे की, दोन प्लग जुने असतील. पण ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या लहान सिलिंडरात, कमी पेट्रोलच्या मिश्रणासह ते वापरणे ही आपली कल्पना. टी.व्ही.एस.चे म्हणणे असे की, ही युक्ती जगाला आधीच ठाऊक होती, आणि आपले एंजिन तीन झडपांचे असल्याने मुळात निराळे आहे. त्यासाठी होंडाच्या अमेरिकेतील एका जुन्या पेटंटाकडेही बोट दाखविण्यात आले. फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायमूर्तींनी टी.व्ही.एस.ला तूर्त मनाई केली, आणि ‘फ्लेम’ बाजारात आली ती एकाच प्लगासह. मे २००९ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ती मनाई उठविली. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मूळ दावा लवकर निकालात काढावा असे बजाविले. पेटंटाचे दावे अंतरिम हुकुमांतच वर्षानुवर्षे रखडतात याबद्दल नाराजीही व्यक्त केली. तरीही शेवट निकालाने झाला नाही. २०१९ साली दोन्ही कंपन्यांनी आपसांत समेट केला. त्यामुळे लहान सिलिंडरातील दुसरा प्लग हा शोध की केवळ चतुराई, याचा अंतिम निवाडा झालाच नाही. तटस्थपणे पाहणाऱ्याला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. तत्त्व जुनेच, पण आंब्याएवढ्या सिलिंडराच्या माथ्यात दोन झडपा आणि दोन प्लग बसवून ते लाखोंच्या संख्येने स्वस्तात विकता येतात, हे आधी कोणी भारतीय रस्त्यावर करून दाखविले नव्हते.

एवढे गुण असताना सर्वच एंजिनांना दोन प्लग का नसतात, याचे उत्तर वर येऊनच गेले आहे. चार झडपांचे माथे पुढे स्वस्त झाले आणि प्लगला मध्यावरची जागा मिळाली. मर्सिडीजने २००४ पासून नव्या एंजिनांत पुन्हा चार झडपा आणि एक प्लग असा क्रम धरला. होंडा सिटीनेही २००८ च्या नव्या गाडीत तेच केले. दुसऱ्या प्लगाबरोबर दुसरी कॉईल आली, दुसरी तार आली, माथ्याच्या धातूत आणखी एक भोक आले. आणि झडपांच्या शेजारी जेथे उष्णता सर्वांत तीव्र तेथे भोके वाढविणे अभियंत्याला आवडत नाही. बजाजने मात्र २०१२ साली ‘पल्सर २०० एन.एस.’मध्ये चार झडपा घेऊनही तीन प्लग बसविले, एक मध्यावर आणि दोन बाजूंना! हौसेला मोल नाही म्हणतात, ते कारखानदारांनाही लागू असावे.

हजीऱ्याच्या दुकानातला तो बाकावरचा हिशेब तेवढा उरला. दुसरा प्लग आज बदलला नाही तर बिघडते काय?

बिघडते ते दिसत नाही, हेच त्यातले वाईट आहे. एका प्लगाची गाडी प्लग बसताच थांबते आणि मालकाला दुकानात यावे लागते. दोन प्लगांची गाडी थांबत नाही. एक प्लग काजळीने मेला तरी ती सुरू होते, चालते, कामावर नेते आणि परत आणते. परंतु तिची ठिणगी दोन ज्योतींचा हिशेब धरून उशिरा पाडलेली असते. आता ज्योत एकच उरली. तिला सबंध सिलिंडर ओलांडावयाचा आहे आणि तिला निघण्याची मुभा मात्र उशिराच मिळते. दट्ट्या निम्मा खाली उतरला तरी मिश्रण जळतच असते. जी उष्णता चाकापर्यंत जावयाची ती धुराड्याच्या नळीत जाते, आणि कोपऱ्यातले काही पेट्रोल न जळता तसेच बाहेर पडते. मायलेज चार-दोन किलोमीटरने उतरते. मालक पेट्रोल पंपाला दोष देतो. जानेवारीच्या सकाळी, ग्वाल्हेरची थंडी हाडांत शिरलेली असताना, गाडी दहादा बटण दाबल्यावर सुरू होते. मालक बॅटरीला दोष देतो. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हवेतील सूक्ष्म धुळीच्या बाबतीत ग्वाल्हेरचा क्रमांक जगात दुसरा लागला होता. त्याचे खापर एकट्या दुचाकींवर फोडणे अन्यायाचे होईल. पण न जळलेले पेट्रोल याच हवेत मिसळते, हेही खरे.

यावर उपाय वैमानिकाच्या परीक्षेचाच. एंजिन थंड आणि बंद असताना एका प्लगाची टोपी काढावी, तिच्यात एक जुना पण चालू प्लग खोचावा आणि त्याची धातूची बाजू एंजिनाच्या उघड्या धातूला पक्की टेकवून ठेवावी. टोपी मोकळी लोंबत ठेवून एंजिन चालवू नये; ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉईल आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांच्यावर ताण येतो, आणि चालू एंजिनाची टोपी हाताने ओढणाऱ्याला झटका बसतो तो निराळाच. मग एंजिन सुरू करून कान द्यावा. आवाज किंचित मंदावला तर उरलेला प्लग जिवंत आहे आणि काढलेलाही आतापर्यंत काम करीत होता. एंजिन सुरूच झाले नाही, तर उरलेला प्लग मेलेला आहे. आणि आवाजात काहीच फरक पडला नाही, तर जो काढला तोच आधीपासून काम करीत नव्हता. हीच परीक्षा दुसऱ्या बाजूने पुन्हा घ्यावी. सारे पाच मिनिटांचे काम. बदलावयाचे झाल्यास दोन्ही प्लग एकाच वेळी, कारखान्याने नेमलेल्या जातीचे घ्यावेत, आणि दोघांच्या टोकांमधील फट गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तेवढीच ठेवावी.